गारा, टोळ, वादळ: बायबलमधला देव निसर्गाचा चाबूक करतो का?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

एक पोस्ट गेले काही दिवस सगळीकडे फिरतेय. आशय असा: 'वारा, पाऊस, टोळ, भूकंप ही देवाच्या हातातली हत्यारं आहेत. बायबल उघडून बघा. जिथे आपत्ती येते तिथे पाप शोधा, सापडेलच.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि आमेन, आमेन.

गप्प बसणार होतो, जमलं नाही.

पोस्टचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, त्यावर वाद नाही. मिसरात पूर्वेचा वारा टोळ घेऊन येतो आणि पश्चिमेचा त्यांना उचलून तांबड्या समुद्रात टाकतो. इस्राएलाशी लढायला आलेल्या सिसरा सेनापतीच्या सैन्याला कीशोन नदी वाहून नेते. यहोशवाच्या लढाईत तलवारीने मेले त्याहून जास्त गारांनी मेले. संदेष्टा योना देवाचं काम टाळून पळाला तर त्याच्यामागे समुद्रात वादळ सोडलं. सगळं कबूल.

पण 'जिथे आपत्ती तिथे पाप' हे कुठून काढलं? तसं बोलणारे लोक बायबलमध्ये आहेत, नाही असं नाही. ते म्हणजे ईयोबाचे मित्र! (ईयोब म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेला माणूस, त्याच्याच नावाच्या पुस्तकातला.) वाळवंटाकडून वारा आला, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळला आणि ईयोबाची मुलं आत चिरडून मेली. मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले (तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं), आणि मग तोंड उघडलं ते 'काहीतरी केलं असशील' हे सांगायला. त्यातला बिल्दद तर सरळ मेलेल्या मुलांवरच घसरतो. शेवटी देवाचा राग कोणावर निघतो? या मित्रांवर.

लूकच्या शुभवर्तमानाचा १३वा अध्याय बघा. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले. ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो.

आणखी एक. मोशे मिसरच्या राजाला, फारोला, आदल्या दिवशी सांगतो, उद्या या वेळेला गारा पडणार, गुरं आत घ्या. फारोचे जे सेवक ऐकतात त्यांची गुरं वाचतात. संदेष्टा एलीया राजा अहाबाला दुष्काळ आधी सांगतो. योना निनवे शहराला आधी सांगतो, आणि निनवे वाचतं. हे सगळे आधी बोलले. आपले पोस्टवाले ढिगारे उपसून झाल्यावर बोलतात.

खडूस वाचक

असहमत. जोरात असहमत.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा २८वा अध्याय वाचलाय ना? आज्ञा मोडल्या तर डोक्यावरचं आकाश पितळेचं होईल आणि पायाखालची जमीन लोखंडाची. आमोस ४: कापणीला तीन महिने असताना पाऊस रोखला, एका गावावर पाडला, शेजारच्यावर नाही, 'तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत'. आमोसचं हे सगळं होऊन गेल्यावर सांगितलेलं आहे. योएलच्या वेळी टोळ शेतं खाऊन मोकळे झालेत, मग संदेष्टा उपास करायला सांगतो. तुमचा आधी-नंतरचा नियम दोन पुस्तकांत मोडला.

आणि लूक १३ तुम्ही अर्ध्यात का सोडलंत? 'नाही' नंतर लगेच काय आहे? पश्चात्ताप केला नाहीत तर तुम्हा सर्वांचा तसाच नाश होईल. हे वाक्य गैरसोयीचं, म्हणून गिळलंत. आजकाल सगळ्यांना मऊ देव हवाय.

शेवटचा बाक

गिळलं नाही. 'तुम्हा सर्वांचा' या शब्दांतच माझं म्हणणं आहे. मेलेल्यांकडे बोट दाखवायला आलेल्यांना येशू सांगतोय की स्वतःकडे बघा.

आणि योएल नीट वाचा. टोळ का आले हे सांगताना तो एकाही ठरावीक पापाचं नाव घेत नाही. रडा म्हणतो, वळा म्हणतो, अमक्यामुळे आले असं म्हणत नाही. आमोसचं उदाहरण मात्र तुमच्या बाजूचं आहे. घ्या, एक गुण तुम्हाला.

मी फक्त वाचते

सहसा लिहीत नाही, आज लिहिते.

आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर भिंतीला कमरेच्या वर चिखलाची रेघ राहिली होती, ती मी खरवडत होते. चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे मदतीला म्हणून आले आणि दारात उभे राहून विचारलं, 'घरात रोज प्रार्थना होते ना?' मी हो म्हटलं. 'मनापासून?' असं पुढचं.

त्याच पाण्यात त्यांच्या भावाचंही घर होतं. तिथे जाऊन म्हणाले, देव नीतिमान माणसाची परीक्षा बघतो. आमचं पाप, भावाची परीक्षा. पाणी एकच.

खडूस, तुमची वचनं खरी असतील. ती कोणाच्या दारात उभं राहून म्हणायची याचंही काही वचन असेल तर द्या.

खडूस वाचक

ताई, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण एका माणसाला अक्कल नव्हती म्हणून अनुवाद २८ खोटं ठरत नाही.

बेरीज-वजाबाकी

दोघंही एकाच गोष्टीवर भांडताय जी घडलीच नाही किंवा घडली तर हवामान होतं. मोशेच्या लोकांना मिसरातून निघताना वाट द्यायला तांबडा समुद्र दुभंगला म्हणतात ना, त्याचं २०१० साली संगणकावर गणित मांडून झालंय. कार्ल ड्रूज आणि वेइकिंग हान यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागात एक उथळ सरोवर धरलं, त्यावर पूर्वेकडून सेकंदाला २८ मीटर वेगाचा वारा १२ तास सोडला. सुमारे दोन मीटर खोल पाणी मागे सरकलं आणि वाट ४ तास उघडी राहिली. वारा थांबला की पाणी परत. देवाची गरज कुठे लागली?

खडूस वाचक

वारा सापडला म्हणून देव हरवला का? निर्गम १४:२१ मध्येच लिहिलंय की परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा वाहवून समुद्र मागे हटवला. लपवलंय कोणी? तुम्ही तीन हजार वर्षांनी येऊन 'वारा होता, वारा होता' म्हणून नाचताय.

बेरीज-वजाबाकी

मग पुढच्याच ओवीत पाण्याच्या भिंती उजवीकडे आणि डावीकडे कशा उभ्या राहिल्या? वाऱ्याने पाणी सरकतं, त्याची भिंत होत नाही. वारा पाहिजे की भिंत, एक काय ते ठरवा.

डेकवरून

भिंतीचं राहू द्या, मला वाऱ्याचं सांगा. व्यापारी जहाजावर हयात गेली. सेकंदाला २८ मीटर म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापावर १०. आम्ही त्या वाऱ्यात उघड्या डेकवर माणूस पाठवत नाही, आणि नाइलाजाने पाठवलाच तर दोर बांधून. उभं राहायचं तर अंग पुढे झोकावं लागतं, तोंड उघडलं तर श्वास कोंबला जातो. आता हे लोक मिसरातून निघालेत, म्हणजे पूर्वेला चाललेत. वारा पूर्वेचा. म्हणजे थेट तोंडावर. लहान पोरं, म्हातारे, मेंढरं, परातींसकट कणीक खांद्यावर. चालणार कसे?

बेरीज-वजाबाकी

कडेला वेग कमी असू शकतो. गणित पाण्याचं आहे, चालणाऱ्यांचं नाही.

डेकवरून

तेच म्हणतोय. ज्यांनी चालायचं त्यांचं गणित कुणीच करत नाही. आमच्याकडेही तसंच. किनाऱ्यावर कार्यालयात बसलेला माणूस पडद्यावर बघून सांगणार, हवामानाची खिडकी मिळतेय, निघा. एकदा निघालो. स्वयंपाकघरातलं बांधून ठेवलेलं सगळं सुटलं, एका पोराचा हात मोडला. चौकशीत लिहिलं काय तर 'हवामान'.

म्हणून मला प्रेषितांची कृत्ये २७ आवडतं आणि त्यावर कोणी बोलत नाही याचा राग येतो. कैदी म्हणून जहाजावर असलेला प्रेषित पौल सांगतो, आता निघू नका, माल जाईल, जहाज जाईल. पहाऱ्यावरचा रोमी अधिकारी, शताधिपती, ऐकतो कोणाचं? तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं. मग ईशान्येचा तुफानी वारा. जहाजाखालून दोर घालून ते आवळतात, माल फेकतात, बुडीद टाकून खोली मोजतात: २० वाव, थोडं पुढे १५ वाव, मग घाबरून मागच्या बाजूने चार नांगर. ज्याने लिहिलं तो जहाजावर होता, माझ्याकडून लिहून घ्या. आणि देवाने वादळ थांबवलं नाही! गालीलच्या समुद्रात येशूने उशीवरून उठून एका शब्दात थांबवलं, इथे १४ दिवस चालू दिलं. जहाज फुटलं, २७६ च्या २७६ माणसं वाचली, कोणी पोहत, कोणी फळीवर. यात पाप कोणाचं होतं, खडूस?

खडूस वाचक

मालकाचं. लोभ हे पापच आहे.

डेकवरून

हे आवडलं. मान्य.

रानवाट

समुद्रावरून जरा जमिनीवर या. गारपिटीची एक ओळ कोणी लक्षात घेत नाही. निर्गम ९: जवस आणि सातू मारले गेले, कारण सातू कणसाला आला होता आणि जवस फुलावर, गहू आणि त्याच्या जातीचं दुसरं धान्य वाचलं, कारण ते मागास होतं. शेती करतो म्हणून सांगतो, हे अगदी असंच होतं. गारा पडल्या की ओंबीवर आलेलं पीक काडीतून मोडतं, ते गेलंच. पातीवर असलेलं झोडपलं जातं, पण पुन्हा उभं राहतं. माझ्या बांधाच्या अलीकडचं गेलं आणि पलीकडचं, उशिरा पेरलेलं, राहिलं. पलीकडचा माझ्याहून सज्जन वगैरे नाही, उलट बांध कोरतो.

म्हणजे देवाने मारलं असं सांगणारा लेखकही पीक कोणत्या अवस्थेत होतं ते लिहून ठेवतो. मला हे पटतं. पोस्टवाल्यांना एवढीही चौकशी करायची नसते.

बेरीज-वजाबाकी

बांध कोरणाऱ्याचं पीक वाचलं, यावर देवाचं काय म्हणणं आहे ते कळवा.

शेवटचा बाक

मत्तय ५:४५. सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर, पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर. ईयोब ३८ तर त्याच्याही पुढे जातं: जिथे माणूसच राहत नाही त्या रानावर देव पाऊस पाडतो. तिथे शिक्षा कोणाला आणि बक्षीस कोणाला? देव वावटळीतून बोलायला लागतो तेव्हा हिमाची भांडारं, गारांची भांडारं, कावळ्याची पिल्लं, रानगाढव असं सगळं काढतो. ईयोबाची मुलं का मेली याचं उत्तर मात्र देत नाही. ते मला अजून खुपतं. पण 'पापामुळे' असंही म्हणत नाही.

खडूस वाचक

ईयोबाशी वाद घालणारा तरुण अलीहू म्हणतो ना, ईयोब ३७ मध्ये: मेघ कधी शिक्षेसाठी, कधी भूमीसाठी, कधी दयेसाठी. शिक्षा यादीत आहे. पहिली आहे. तुम्ही लोक ती यादीतून खोडायला निघालात. १७५५ ला पोर्तुगालचं लिस्बन भूकंपाने हादरलं, सर्व संतांच्या दिवशी, चर्च भरलेली असताना; तेव्हापासून शहाण्या लोकांनी देवाला हवामान खात्यात कारकून करून टाकलंय. आणि या धाग्यावर तेच चाललंय. अर्धवट वाचून मोठमोठ्या

संपादक

खडूस वाचक यांचा प्रतिसाद इथून पुढे कापला आहे. बेरीज-वजाबाकी यांचा त्यावरचा प्रतिसाद पूर्ण उडवला आहे. मुद्द्यावर भांडा, घराण्यावर नको.

बेरीज-वजाबाकी

माझा पूर्ण आणि त्यांचा अर्धाच? न्यायाची ही तऱ्हा आमोस ४ सारखी आहे, एका गावावर पाऊस. 🙂

खडूस वाचक

हसलो. पण हरलो नाही. धागाकर्त्यांनी एकाचं उत्तर द्यावं: २ शमुवेल २१. दावीदाच्या राज्यात लागोपाठ ३ वर्षं दुष्काळ. कोणी आधी सांगितलेलं नाही. दुष्काळ पडल्यावर दावीद देवाला कारण विचारतो आणि देव स्वतः सांगतो: आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांना मारलं म्हणून. आपत्ती आधी, कारण नंतर, आणि कारण म्हणजे पाप. घ्या.

शेवटचा बाक

हे उदाहरण येणार याची भीती होतीच. पण पुढे काय होतं तेही सांगा की. आता काय करू हे दावीद देवाला विचारत नाही, गिबोन्यांना विचारतो. ते शौलाच्या वंशातली सात माणसं मागतात, दावीद देतो, सातही जण टांगले जातात. शौलाचा गुन्हा, त्याच्या मुला-नातवांचा गळा. बापासाठी मुलाला मारू नये असं अनुवाद २४:१६ सांगतं, तुमच्या लाडक्या २८ च्या चारच अध्याय आधी. आणि मग रिस्पा, शौलाची उपपत्नी. तिचे दोन मुलगे त्यात होते. कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत खडकावर गोणपाट अंथरून ती बसली, दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकलत. ते कानावर गेल्यावर दावीद हाडं गोळा करून पुरतो. देवाने देशाची विनंती ऐकली असं लिहिलंय ते त्यानंतर. टांगल्यावर लगेच नाही.

मी फक्त वाचते

रिस्पाबद्दल आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. दुष्काळाबद्दल बरीच.

खडूस वाचक

ठीक. सात जणांना टांगा असं देव म्हणाला नाही, हे मान्य. नाखुशीने. पण दुष्काळाचं कारण देवानेच सांगितलं, तेही पाप होतं, हे तुम्ही मान्य करा.

शेवटचा बाक

मान्य. विचारल्यावर सांगितलं, आणि विचारणारा राजा स्वतः दुष्काळात होता. पोस्टवाल्यांनी कोणाला विचारलं ते कळलं की आमेन टाकायला मीही येतो.

डेकवरून

मेंढरं वाऱ्यात कशी चालली ते कोणीच सांगितलं नाही.

रानवाट

मेंढरं जोराच्या वाऱ्याला पाठ फिरवतात. तोंड करून तर मुळीच चालत नाहीत. आता बेरीजसाहेबांना गणित पुन्हा मांडावं लागणार.