आजीच्या घरची सावजी पंगत घालायची आहे, नागपूरकरांनो सल्ला द्या

मागावरचा
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका हॉटेलात शेफ आहे, घर नागपुरात गोळीबार चौकाजवळचं, हलबा कोष्टी, म्हणजे विणकर. सावजी म्हणजे आमच्या कोष्टी घरांतलं मसालेदार जेवण. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे आणि आजीच्या हातचं मटण म्हणजे गल्लीत नाव होतं. डिसेंबरात घरी येतोय तर आजीच्या अंगणात चाळीसेक लोकांची पंगत घालायची मनात आहे, ओळखीचे-अनोळखी सगळे मांडीला मांडी लावून बसतील, पैसे घेईन पण खर्चापुरतेच. मटण रस्सा, खूर (बकऱ्याचे पाय), सुंदरी (बकऱ्याची आतडी), पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा), लांब रोटी, भात. मसाला आत्या आणि काकूच वाटणार, त्यात मी हात घालणार नाही.

आता प्रश्न. हॉटेलच्या सवयीनं मला वाटते की एकेक पदार्थ छोट्या प्लेटमध्ये द्यावा आणि प्रत्येकामागची घरची गोष्ट सांगावी, काकू म्हणते पंगत म्हणजे पंगत, सगळं पानात पडलं पाहिजे. बाहेरगावचे पाहुणे आहेत म्हणून तिखट कमी करू का? आणि आजी जवसाच्या तेलात करायची, ते आज लोकांना चालेल का?

महालातली
काकूचं ऐक भाऊ. प्लेटिंग तू वर्षभर करतोच ना, मग घरी तरी पंगत होऊ दे.

तिखटाचं म्हणशील तर एक सांगते, बाहेरच्या बोर्डावर सावजी वाचून जे डोळ्यातून पाणी काढणारं जेवण मिळते ते आणि घरचं यात फार फरक आहे. आमच्या शेजारच्या कोष्टी काकूंकडे मसाला वाटताना मी लहानपणापासून पाहिलं आहे, धने, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, काळी मिरी सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र कधीच नाही, कारण खसखस दोन मिनिटांत करपते आणि धन्यांना वेळ लागते, आणि मग भाजलेल्या ज्वारीचं पीठ थोडं रश्शात, त्यानं तो दाट होते आणि मसाला तळाशी बसत नाही. तिखट लागते ते मिरीचं, घशात उशिरा चढणारं, नुसतं लाल मिरचीचं नाही. ते कमी केलं तर मग आजीचं काय राहिलं त्यात? पाहुण्यांसाठी लिंबू, कांदा आणि भात भरपूर ठेव, रस्सा आहे तसाच कर.

गंज आणि सराटा
चाळीस माणसांच्या हिशेबानं सांगतो, आमचा स्वयंपाकाचाच धंदा आहे. मटण हाडासकट दहा किलो धर, खूर-सुंदरी वेगळं. तांदूळ चार किलो पुरे, कारण लांब रोटी असली की भात कमी जाते. रोटीसाठी लोकवन गहूच घे आणि करणारी बाई आधीच ठरव, पीठ चांगलं तिंबून पातळ-लवचिक झालं की दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचं, हे काम शेफलाही ऐनवेळी जमत नाही, त्याला हात बसलेला लागते. चाळीस जणांना एक मडकं पुरणार नाही, दोन चुली मांड.

जवसाचं तेल वापरच. पण ताजं घाणीचं घे, जुनं कडू लागते, आणि धूर येईस्तोवर तापवून थोडं उतरू दे मग कांदा टाक, उग्रपणा जाते. पाटोडीचा गंज म्हणजे पातेलं आणि पळी दोन्ही वेगळे ठेव, शाकाहारी माणूस त्या एका गोष्टीवरून उठून जाते. आणि पैसे घेणार आहेस तर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा खात्याच्या) नोंदणीचं आधीच विचारून घे.

पाचपावली
वरच्या सगळ्यांशी सहमत पण गोष्टी सांगायचं सोडू नको. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली, पुढे गिरणीच्या कापडानं हातमागाचं काय झालं हे आपल्याच पोरांना माहीत नाही. कितीक कोष्टी घरांनी माग बंद पडल्यावर घरच्या चुलीवर खानावळी काढल्या, सावजी भोजनालयं त्यातूनच आली. हे सांगितलं नाही तर लोक झणझणीत खाल्लं म्हणून फोटो टाकतील आणि जातील. फक्त जेवताना भाषण नको, रोटी वाढायला थोडा वेळ लागतेच, तेवढ्यात आत्यालाच बोलू दे. तिचं बोलणं तुझ्यापेक्षा लोक जास्त ऐकतील.

सुंदरी मेन्यूतून काढू नकोस. बकऱ्याची आतडी म्हटलं की काही नाक मुरडतात, पण कष्टकऱ्याच्या घरी बकऱ्याचं काहीच वाया जात नव्हतं, तेच तर तुझं घर आहे. फक्त वाढण्याआधी सांग काय आहे ते, फसवून खाऊ घालू नये कोणाला.

मागावरचा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. प्लेटिंग रद्द, पंगतच. तेल जवसाचंच, त्यासाठी घाणीवाला शोधतो. आत्याला बोलायचं विचारलं तर म्हणाली मी काय बोलणार, आणि मग एक तास मागाबद्दलच बोलत होती. डिसेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या पिकाची, संत्री असतात, तर शेवटी गोड म्हणून नुसती सोललेली संत्रीच देईन म्हणतो. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि रश्शासाठी खोल द्रोण इतवारीत कुठे मिळतील तेवढं सांगा, मशीनच्या कागदी नकोत.

महालातली
इतवारीत पूजेच्या सामानाच्या दुकानांत विचार, पण एवढे एकदम नसतील त्यांच्याकडे, आठवडाभर आधी ऑर्डर देऊन ठेव. आणि द्रोण एकात एक दोन लाव, रस्सा पातळ असला की झिरपते.