मदत हवी आहे : नाताळात गुलमर्ग की फेब्रुवारीत?

नमस्कार मंडळी, आम्ही सहा मित्र, सगळे जळगाव-भुसावळचे. भरीत पार्ट्यांच्या हंगामात यंदा स्कीइंगचं खूळ डोक्यात शिरलंय. सगळेच नवशिके.

सुट्ट्या २५ ते ३१ डिसेंबर. पण काश्मिरात चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, सुरूच होतो २१ डिसेंबरला, त्यामुळे नाताळात बर्फ कधी भरपूर, कधी नुसता पातळ थर. पातळ थरात खालचे दगड स्कीला लागतात, नवशिक्यांचा उतार तर सगळ्यात खाली. मग फेब्रुवारीच बरा ना? भुसावळहून झेलम एक्सप्रेसने जम्मू आणि पुढे श्रीनगर, असा विचार आहे.

खरी अडचण भाड्याच्या बुटांची. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत, आणि टाच अजिबात उचलू नये. टाच उचलली की पाय वळतो, स्की वळत नाही. दोन जोड मोजे घालून सैल बूट भरायचा उपाय तर नकोच. रक्त अडतं, पाय जास्तच गारठतात. एकच पातळ लोकरी मोजा, नडगीपर्यंतचा.

आमच्यातल्या एकाचा पाय ११ नंबरचा आहे. एवढे मोठे बूट तिथे मिळतात का? आणि बाइंडिंगचा (बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्याचा) ताण दुकानदार वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी विचारून लावतात, की आधीच्या गिऱ्हाइकाचा तसाच ठेवतात? जास्त घट्ट राहिला तर पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा जातो. स्क्रू आपण स्वतः फिरवावा का?