इम्प्लांटचं माप: स्कॅनर हाताशी असताना ट्रे कशाला?

सहज_विचारलं: आईच्या खालच्या जबड्यात पाच इम्प्लांट आहेत. हाड धरलंय, आता पक्क्या दातांसाठी माप घ्यायचंय. डॉक्टर म्हणतात, ट्रेमध्ये मटेरियल भरूनच घेऊ. स्कॅनर तर त्यांच्याच टेबलावर दिसतो! माझ्या एका दाढेच्या इम्प्लांटचं माप त्यांनी त्यावरच घेतलं होतं, पाच मिनिटांत. आईला ट्रे नुसता दिसला तरी ओकारी येते. झुरिकमध्ये १९८५ साली तोंडात कॅमेरा घालून माप घेतलं आणि त्याच बैठकीत दात भरून दिला. आम्ही अजून लगदाच चावायचा? माझ्या मते ही निव्वळ जुनी सवय.

लॅबवाला_काका: सवय नाही. तुमची एक दाढ वेगळी, आईचा अख्खा जबडा वेगळा. स्कॅनर तुकड्यातुकड्यानं चित्रं घेतो आणि एकाला एक जोडत पुढे सरकतो. शेजारी दात असले तर जोडायला खुणा मिळतात. आईची हिरडी गुळगुळीत, लाळेनं ओली, गालाबरोबर हलणारी. या टोकाच्या दाढेपासून त्या टोकाला जाईपर्यंत प्रत्येक जोडातली बारीक चूक साठत जाते.

बरं, चूक पचवणारं तिथे काही नाही. खरा दात दाबाखाली २५ ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) सरकतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. पाचही इम्प्लांटवर बसणारा दातांचा सांगाडा किंचित वाकडा असला तरी स्क्रू आवळून बसतो, सगळे खूश. मग काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो, नाहीतर तुटतो.

दातखीळ: काका, लगद्याच्या चुका कोण मोजणार? ट्रेच्या मापासाठी इम्प्लांटवर लावतात ते तुकडे, म्हणजे कोपिंग, एकमेकांना जोडायचं रेझिन सुकताना आकसतं, प्लास्टर फुगतं, ट्रे काढताना वाकतो. स्कॅनमध्ये एक जागा बिघडली तर तेवढीच पुसून परत घेते मी. शिवाय आता फोटोग्रामेट्री आहे: प्रत्येक इम्प्लांटवर खुणांचा ठोकळा लावायचा आणि तोंडाबाहेरच्या कॅमेऱ्यानं त्यांच्या एकमेकांतल्या जागा टिपायच्या. हिरडीचं स्कॅन वेगळं. तुकडे जोडत जाण्याचा प्रश्नच मिटला.

लॅबवाला_काका: आहे का तुमच्या क्लिनिकमध्ये तो कॅमेरा?

दातखीळ: नाही. किंमत बघितलीत?

लॅबवाला_काका: मग झालं तर! आणि स्कॅन बॉडी, म्हणजे स्कॅनसाठी इम्प्लांटवर लावायचा खुणेचा तुकडा, अर्धवट बसलेली फाईलही येते माझ्याकडे. पडद्यावर ती सुद्धा देखणीच दिसते.

दातखीळ: कोपिंगही अर्धवट बसतंच की. दोन्हीकडे एक्स-रे काढावा लागतो. एका-दोन दातांना मी ट्रे उचलतच नाही, आणि ते मत बदलणार नाही. पूर्ण जबड्याला मात्र स्कॅन घेतलं तरी सांगाडा आधी तोंडात बसवून बघते. एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा. दुसरं टोक उचललं गेलं तर माप चुकलं, मग ते कशानंही घेतलेलं असो.

सहज_विचारलं: ही एका स्क्रूची चाचणी डॉक्टरांना विचारतो. पण ओकारीचं काय?

लॅबवाला_काका: जास्त त्रास वरच्या ट्रेचा, तो टाळूला मागे टेकतो. खालच्याला सहसा एवढं होत नाही.

सहज_विचारलं: आत्ताच आईला विचारलं. ओकारी आली होती ती वरच्या कवळीच्या वेळी. खालचं माप कधी घेतलं ते तिला आठवतसुद्धा नाही.