उत्तर: विमानतळावरून जाताना बाळाची सीट लागतेच का?
वर एकांनी लिहिलंय की विमानतळापासून हॉटेलपर्यंत अर्ध्या तासाचा तर रस्ता, बाळाला मांडीवर घेतलं तरी चालतं. कृपया असं करू नका. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी धडकली तर 10 किलोचं मूल क्षणभर 200-300 किलोंइतक्या जोराने पुढे फेकलं जातं. तिथे कुणाचेच हात पुरे पडत नाहीत.

गाडीचं बुकिंग करताना नुसतं 'चाइल्ड सीट हवी' म्हणून भागत नाही. वय, वजन, उंची तिन्ही कळवा, नाहीतर तान्ह्या बाळासाठी बूस्टर (मोठ्या मुलांना उंच बसवणारी बैठक) येतो आणि तो त्याच्या काही कामाचा नसतो. एवढ्या लहान बाळाची सीट मागे तोंड करून लावायची असते, आणि एअरबॅग चालू असेल तर पुढच्या सीटवर कधीच नाही. लावून झाली की पट्टा जातो तिथेच धरून हलवून बघा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळा. ड्रायव्हर घाई करेल, करू दे.

फ्लाइट नंबर आधीच देऊन ठेवा, म्हणजे विमान लेट झालं तर गाडीवाल्याला कळतं. आणि हो, सामान सांगताना स्ट्रॉलर धरायला विसरू नका, अर्धी डिकी त्यातच जाते.