विंडोज १० नंतर गावातल्या कॉम्प्युटरवर काय टाकावं?

दारव्हा, ऑनलाइन कामांचं दुकान
१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. माझ्या दुकानात तीन डेस्कटॉप आहेत, तिन्ही सहाव्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणजे धडधाकट मशीन भंगारात काढायची का? एकात एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क बसवून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली. सातबारा काढणं, अर्ज भरणं, पीडीएफ लहान करणं, सगळं ब्राउझरमध्ये होते. नेटची लाइन गेली की मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतो, तेव्हा अपडेट कधी घ्यायचं ते मी ठरवतो. माझं स्पष्ट मत आहे, खेड्यातल्या दुकानांनी आता लिनक्सवर यावं.

वरुड, कॉम्प्युटर दुरुस्ती
मले नाही पटत भाऊ. ब्राउझर चालते, मान्य. थंब मशीनचं, म्हणजे बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचं काय करता? आमच्याकडच्या मशीनसोबत आलेलं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे. ई-केवायसीले आलेल्या म्हाताऱ्या मानसाचं बोट कापूस येचून येचून घासलेलं असते, सहा-सहा डाव ठेवा लागते. वरून ड्रायव्हर, म्हणजे मशीन कॉम्प्युटरले जोडणारं सॉफ्टवेअर अडलं तर त्याले काय सांगता, उद्या या? त्याची रोजी बुडते ना जी. अन् जगातले दहापैकी सातेक डेस्कटॉप विंडोजचे आहेत. जिथं गिऱ्हाईक, तिथंच ड्रायव्हर बनते.
दुसरं, कृतिदेव, मराठी टायपिंगचा जुना फॉन्ट. तो लिनक्सवर टाकता येते, पण ऑल्ट दाबून आकड्यानं जी अक्षरं काढतो, ती तिथं निघत नाही. दस्तलेखकाचा हात पंधरा वर्षांपासून त्याच्यावर बसला आहे.

आरमोरी, शिक्षक
कृतिदेव हे विंडोजवरही ओझंच आहे. त्यात टाइप केलेला मजकूर फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर पाठवा, नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाण कळफलक, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर सारखाच. आमची सातवीची पोरं त्यावर निबंध लिहितात, लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा मेनूसुद्धा मराठीत ठेवला आहे. कोणतं मशीन कोणत्या सिस्टिमचं, हे ती विचारतही नाहीत. केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल हा शाळांमधला कॉम्प्युटर-शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळा लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. तिथली मुलं नोकरीत मागे पडली, असं मी तरी ऐकलं नाही.

हिंगणघाट, हिशेबनीस
सर, केरळात सरकार पाठीशी होतं, शिक्षकांना प्रशिक्षण होतं. इथं एमएस-सीआयटी करून आलेली पोरगी जिनिंगच्या ऑफिसात बसते, तिच्यासमोर विंडोज अन् टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असते. तिला पहिल्याच दिवशी दुसरं काही शिकायला कोण वेळ देणार? विंडोज १० ला सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, तेवढी घ्या. तोवर पैसे जमवून आठव्या पिढीचं जुनं मशीन बघा. ॲपलचा छोटा डेस्कटॉप मॅक मिनी उत्तम, पण थंब, प्रिंटर, टॅली धरून आमच्या हिशेबात बसत नाही.

आरमोरी, शिक्षक
जुनं मशीन घ्यायलाही पैसा लागतोच, आणि तो दर पाच-सात वर्षांनी पुन्हा लागेल. माझा राग विंडोजवर नाही. सरकारी कामासाठी जे यंत्र सक्तीचं केलं, ते एकाच सिस्टिमवर चालावं, यावर आहे. खरेदीच्या अटीतच लिनक्सचा ड्रायव्हर मागायला हवा.

दारव्हा, ऑनलाइन कामांचं दुकान
हे पटलं. वरुडच्या भाऊंचं थंबचं म्हणणंही खरं आहे, मी ते हलक्यात घेतलं होतं. एक मशीन विंडोजवरच ठेवतो, वाढीव अपडेट घेऊन, फक्त थंब आणि टॅलीसाठी. बाकी दोन मिंटवर चालवीन, पीक विम्याच्या गर्दीत फॉर्म त्यांच्यावरच भरीन. भाऊ, दस्तलेखकाला अडणाऱ्या त्या ऑल्टवाल्या अक्षरांची यादी इथं टाका. इन्स्क्रिप्टमध्ये प्रत्येकाची कळ कोणती, ते मी लिहून देतो.