‘कर्मकांड’ की ‘धर्मसंस्था’?

प्रश्न : इंग्रजी कादंबऱ्यांवर लेख लिहितेय. एकीकडे पात्राची स्वतःची श्रद्धा आणि दुसरीकडे चर्चचा धर्म, असा झगडा त्यात सारखा येतो. या दुसऱ्यासाठी मी ‘कर्मकांड’ लिहिलंय पण ते नीट बसत नाहीये. दुसरा शब्द आहे का?

– कर्मकांड नकोच. संतसाहित्य वाचलेल्या माणसाला तोच शब्द आधी सुचतो हे खरंय, पण या कादंबऱ्यांत भांडण विधीशी नाहीये. हार्डीची ‘टेस’ (1891) बघा. टेसचं बाळ मरायला टेकलंय, तिच्या बापाने दाराला कुलूप घातलंय, पाद्र्याला बोलवू देत नाही, तर ही मुलगी रात्री भावंडांना उठवून गुडघ्यावर बसवते आणि स्वतःच पाणी घेऊन बाळाचा बाप्तिस्मा करते, नाव ठेवते ‘सॉरो’, म्हणजे दुःख. म्हणजे विधी तर तिनेच केला ना, आणि तोही जीव ओतून! नंतर पाद्री कबूल करतो की तिने केलेला बाप्तिस्माही बाळासाठी तसाच धरला जाईल, पण ख्रिस्ती पद्धतीने पुरायचं म्हटल्यावर नाही म्हणतो. मग दारुडे, आत्महत्या केलेले यांना पुरतात त्या कोपऱ्यात, कंदिलाच्या उजेडात ते बाळ पुरलं जातं. मला हा प्रसंग अजून शांतपणे वाचता येत नाही. इथे सत्ता कुणाच्या हातात, जमीन कुणाची, हा प्रश्न आहे. त्याला ‘धर्मसंस्था’च म्हणावं लागेल.

ट्रोलपच्या ‘द वॉर्डन’मध्येही (1855) तेच, वाद आहे वृद्धाश्रमाचा प्रमुख असलेल्या पाद्री हार्डिंगच्या वर्षाला 800 पौंड उत्पन्नाचा, शेवटी मनाला पटेना म्हणून तो पदच सोडतो. तिथे कर्मकांड कुठून आणणार?

– सहमत. फक्त ‘चर्च’ आणि ‘चॅपल’ दोन्हीला ‘देऊळ’ करू नका प्लीज. त्या काळच्या इंग्लंडात चर्च म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन आणि चॅपल म्हणजे त्याबाहेरचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे पंथ, माणूस कुठे जातो त्यावरून बरेचदा त्याची समाजातली पायरीही कळायची. आणि पात्र ख्रिस्ती असेल तर ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ बघा, मराठी बायबलात तोच आहे, आपल्याकडचे ख्रिस्ती लोकही ‘विश्वासणारे’ म्हणतात.

– ‘विश्वास’ चांगलाय, पण लेखात पहिल्यांदा येईल तिथे ‘देवावरचा विश्वास’ असं पूर्ण लिहा, नाहीतर भरवसा वाटेल.

प्रश्नकर्ती : मग जॉर्ज एलियटच्या ‘अ‍ॅडम बीड’मधली (1859) डायना? ती मेथडिस्ट, गावच्या हिरवळीवर उभी राहून प्रवचन करते, पण शेवटी मेथडिस्टांची कॉन्फरन्सच, म्हणजे त्यांचा कारभार बघणारी सभाच, बायकांना प्रवचनाची बंदी करते आणि ती ऐकते.

– तिथेही धर्मसंस्थाच. चर्चबाहेर पडलेल्यांचीही पुढे संस्था झालीच की, म्हणून ‘चर्च’ या एका शब्दावर सगळं भागवू नका. डायनाचं थांबणं मात्र ‘शरणागती’ लिहू नका, ती इतरांसमोर उदाहरण म्हणून ऐकते, ‘आज्ञापालन’ जवळचा.