गीझर लावला की पाच-सात मिनिटांत ईएलसीबी पडतो, कॉइल गेली का?

वाघोलीकर:
१५ लिटरचा, २ किलोवॅटचा स्टोरेज गीझर, सहा वर्षं वापरात. पाणी बोअरचं आणि टँकरचं. आठवडाभर झाला, बटण दाबल्यावर पाच-सात मिनिटांत घरातली वीज जाते. एमसीबी सगळे वरच असतात, ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) तेवढा पडलेला. लगेच वर केला तर पुन्हा पडतो, तासाभराने केला तर थोडा वेळ टिकतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ईएलसीबीच काढून टाकू. काढू का?

फेजटेस्टर:
अजिबात काढू देऊ नका. एमसीबी पडला असता तर शॉर्ट किंवा जास्तीचा लोड म्हटलं असतं. एकटा ईएलसीबी पडतोय म्हणजे करंट अर्थकडे गळतोय. तो काढलात आणि त्यात अर्थिंग ढिलं निघालं, तर शॉक थेट शॉवरखाली.

आधी गीझरची थ्री-पिन सॉकेटमधून उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये गळती असेल तर गीझर बंद असतानाही मिक्सर लावल्यावर ईएलसीबी पडू शकतो. पिन काढल्यावर दिवसभर पडला नाही, तर दोष गीझरमध्येच.

मग पाणी गार असताना काढलेल्या पिनवर मल्टीमीटर लावा. फेज-न्यूट्रलमध्ये २६ ओहमच्या आसपास यायला हवं. फेज आणि जाड अर्थ पिनमध्ये काहीच दिसता कामा नये. तिथे ७-८ किलोओहम किंवा कमी आलं तर गळती गीझरमध्येच सापडली, पुढे शोधायची गरज नाही.

मेगरवाला:
वर बरोबर लिहिलंय, पण मल्टीमीटरने 'ठीक' दाखवलं म्हणून कॉइल चांगली समजू नका. त्याचा सेल जेमतेम काही व्होल्टचा. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर कॉइल बाद.

कॉइलमध्ये बाहेर धातूची नळी, आत तार आणि दोघांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड असते. बोअरच्या पाण्याचा क्षार नळीवर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत तापते आणि बारीक चीर पडते. पूड ओल ओढून घेते. तापल्यावर चीर फाकते, गार झाल्यावर मिटते. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

एक शक्यता मात्र आधी बघा. खालचं कव्हर काढल्यावर टर्मिनलवर हिरवट चुरा आणि ओल दिसली, तर फ्लँजचा (कॉइल जिच्यावर बसते त्या खालच्या प्लेटचा) रबरी गॅस्केट गळतोय. तेवढ्यावर निभावलं तर स्वस्तात सुटलात.

पान्हा नंबर १०:
कॉइल बदलणार असाल तर क्रम असा. पिन काढा, अँगल कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा. खालचा इनलेट पाइप सोडा आणि आउटलेटचाही सैल करा, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि टाकी रिकामी होत नाही. वायरी सोडण्याआधी फोटो काढा.

फ्लँज उतरला की टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड बघा. आतली तार उघडी पडली असेल तर तोही बदला. बोअरच्या पाण्यात तो लवकर झिजतो आणि त्यानंतर गंज टाकीला धरतो. क्षार हाताने काढा, उरलेल्याला लिटरमागे ५० ग्रॅम लिंबूसत्व. बाथरूमचं अ‍ॅसिड आत ओतू नका. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचंही नाही, काचेचं अस्तर उडतं.

गॅस्केट नवाच घाला, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज देऊ नका. कोरडी तापली की नवी कॉइल लगेच जळते, आणि दुकानदार ती परत घेत नाही.

वाघोलीकर:
धन्यवाद. खालचा सेफ्टी व्हॉल्व्हही गीझर तापताना थेंबथेंब गळतो. इलेक्ट्रिशियनने त्यावर बूच ठोकायला सांगितलंय.

मेगरवाला:
इलेक्ट्रिशियनच बदला. १५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की पाव लिटरभर फुगतं. व्हॉल्व्हमधली झडप ते मागे जाऊ देत नाही, म्हणून तिथून टपकतं. बूच ठोकलंत तर तो दाब टाकीवर येईल. गीझर गार असतानाही सतत टपकत असेल तरच व्हॉल्व्ह बदला. तोंडाला नळी लावून नहाणीत सोडा.